सील न तोडलेल्या दहा फ्लॉपी

माळा आवरताना फ्लॉपींचा एक खोका हाती लागला, प्लॅस्टिकचं सील शाबूत, वर चहाच्या कपाची वर्तुळं आणि एक तपकिरी डाग, आणि डोंबिवलीतल्या त्या गिरणीवरच्या खोलीतला गरम पिठाचा वास एकदम नाकात शिरला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही पाच जण नोकऱ्या सांभाळून दर रविवारी तिथे जमायचो आणि कोणालाही फुकट वापरता येईल असा मराठी फॉन्ट बनवायचो. कॉम्प्युटर एकच, पासवर्ड पाचही जणांकडे, आणि आपल्यात साहेब कोणी नाही याचाच आम्हाला माज. एका दुपारी हार्ड डिस्क खडखडली आणि बंद पडली. दीड वर्ष घासून काढलेली अक्षरं गेली. "बॅकअप कोणाकडे आहे?" मी विचारलं. कल्याणजवळच्या मोहने गावाहून येणारा माझा मित्र म्हणाला, "अरे, मला वाटलं तू घेतोयस." बाकीच्या तिघांनाही तसंच वाटलेलं. माझं डोकं फिरलं. मी कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. बटणं खोलीभर उडाली, त्याचा पुढचा दात पडला. त्याने माझी मान धरली आणि कपाळ दोनदा टेबलावर आपटलं. तिघांनी आम्हाला ओढून वेगळं केलं, तेव्हा तो रक्त थुंकला आणि मॉनिटरशेजारचा हाच खोका माझ्या छातीवर फेकून ओरडला, "हा कशाला आणलेला रे आपण? बॅकअपसाठीच ना? वर्षभर दिसला नाही तुला?" त्यानंतर ती खोली बंदच झाली. खोक्यावरचं रक्त त्याचं की माझं, ते आता कळत नाही. वर्तुळांचं मात्र कळतं. आमच्या पाचांत चहा पिणारा मी एकटाच होतो.