बिरू मिस्त्री आणि गाळलेले पेट्रोल

पालमच्या बसस्थानकासमोर बिरू मिस्त्रीचे दुकान आहे. झोपेतही कार्बोरेटर जुळवू शकणारा माणूस अशी त्याची ख्याती आहे, आणि ती प्रामुख्याने त्यानेच पसरवलेली आहे. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातून तो यंत्रांकडे वळला. मेंढरांच्या दृष्टीने ही घटना निःसंशय मंगलमय होय.

माझी मोटार निजामाच्या अमदानीत कुण्या जहागीरदाराने आणवलेली. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझी भाची कुसुम हिची परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरीसाठी मुलाखत होती. तिच्या घरात कमावते कोणी उरले नव्हते. ही संधी हुकली तर मुलीचे शिक्षण चुलीत गेल्यासारखेच होते. नेमकी आदल्या दिवशी मोटार गुदमरू लागली. बिरूने कार्बोरेटर साफ केला आणि दुसऱ्या दिवशी निघताना, वाटेत अडचण नको म्हणून, कोणी न बोलावता, स्वतःही मागे बसला.

गंगाखेडच्या अलीकडे मोटार आचके देत थांबली. बिरूने कार्बोरेटर उघडला. पेट्रोल ज्या सुईएवढ्या छिद्रातून जाते, त्या जेटमध्ये फुंकर मारली. मग डोक्यावरचा जुना, झिजलेला लाल पटका सोडून त्यातून मी सोबत घेतलेल्या डब्यातले पेट्रोल गाळून टाकीत ओतले. मोटार पुढच्या वळणापर्यंत गेली आणि पुन्हा थांबली. पुन्हा जेट, पुन्हा फुंकर, पुन्हा पटका. दरम्यान त्याने उन्हाला, पंपवाल्याला आणि मोटार घडवणाऱ्या साहेबाला आळीपाळीने दोषी ठरवले.

अखेर मी जेट त्याच्या हातून घेऊन उन्हात धरला. छिद्रात तांबडे सूत अडकले होते.

"बिरू, हे सूत कुणाच्या डोक्यावरचं?"

"आता मालक, गाळल्याबिगर कसं घालायचं? आमचा बाप शेळीचं दूध पटक्यातूनच गाळायचा. कुणाचं पोट दुखलं न्हाई."

"ही शेळी नाही."

"डबा तर तुमचाच हाय ना? आत गंज बगा किती. तुमी लोखंड पाजायलाय तिला अन् नाव माझं."

"मामा," कुसुम थंडपणे म्हणाली, "तुमचं निवांत चालू द्या."

मागून पालमहून परभणीला जाणारी एस.टी. येत होती. तिने हात केला, गाडी थांबली. प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरून ती चढली आणि आमच्याकडे वळूनही न पाहता गेली.

नोकरी तिला मिळाली. दुसऱ्या दिवसापासून बिरू दुकानात प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगू लागला, "पोरीला उशीर होईल म्हणून मीच मोटार एस.टी.च्या रस्त्यावर थांबवली. आडरानात थांबली असती तर मिळाली असती का नोकरी?"

लोक माना डोलावतात, आणि पुढचा कार्बोरेटर त्याच्यापुढे ठेवतात.