न पळणारी म्हातारी

किडेमास्तरांना जगात काहीच पसंत पडत नसे आणि पगार त्यांना त्याचाच मिळे. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका, म्हणजे बग, म्हणजेच किडे, हुडकून काढायचे, हे त्यांचं काम. म्हणून ऑफिसनं त्यांना हे नाव दिलं होतं. घरी बायकोनं नवा पडदा लावला, तरी हे आधी शिवण कुठं उसवलीय ते बघत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यातच त्यांचा उभा जन्म गेला.

यंदाचा गेम युद्धाचा होता. मैलोन् मैल मोकळा मुलूख, वाटेल तिकडं जा. चिखलात रणगाड्याचे पट्टे उमटत, धूर वाऱ्याबरोबर वाकत असे, आणि आभाळ असं, की खेळणाऱ्यानं बंदूक बाजूला ठेवून बघत बसावं. मास्तरांनी त्या आभाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकी गेमची अक्कल आभाळातच संपली होती. पूल उडवा, पेट्रोल आणा, पुन्हा पूल उडवा. गावं सगळी एका साच्यातली, गावकऱ्यांना तीनच वाक्यं पाठ. शत्रूचे सैनिक भिंतीत अडकून गोळ्या झाडत. एकदा तर घोडाच छपरावर चढून उभा राहिला, तेव्हा मास्तर मनापासून खूश झाले.

तिसऱ्या गावात त्यांना ती म्हातारी सापडली. बॉम्ब पडू लागले की सगळं गाव तळघराकडे धावे. ही आपली दाराची चौकट धरून रस्त्याकडे बघत उभी. मास्तरांनी लगेच नोंद केली, 'पात्र पळत नाही. गंभीर चूक.'

दुपारी गावकऱ्यांचं वागणं-बोलणं लिहिणारी मुलगी त्यांच्या टेबलाशी आली.

"मास्तर, ती चूक नाहीये. मीच तिला तसं लिहिलंय. लढाईत गावावर बॉम्ब पडले, तेव्हा माझी आजी अशीच उभी राहिली होती. मामा घरी यायचा होता."

"मग?"

"मग काय, ती हललीच नाही."

"खेळणाऱ्याला हे कसं कळायचं?"

"कळेल. तीनच वाक्यं ठेवा, असा वरून हुकूम आला. सगळ्या गावात माझं म्हणावं असं एवढंच उरलंय. नोंद मागे घ्या ना."

ऑफिसचा नियम असा, की ज्यानं नोंद केली त्यानंच ती मागे घ्यायची, नाहीतर संध्याकाळी दुरुस्ती होणार. एक बटण दाबायचं काम. पण अकरा वर्षांत मास्तरांनी एकही नोंद मागे घेतली नव्हती, आणि ही फुशारकी ते लोकांच्या लग्नातसुद्धा मारत.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले.

पालथ्या घड्यावर पाणी. मुलगी जागेवर गेली. अशा माणसाला हुशार म्हणणाऱ्यांची खरंच कीव येते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती तपासायची होती. मास्तरांनी गावावर बॉम्ब टाकले. दार रिकामं होतं. चाळीस माणसं एकाच चालीनं धावत होती आणि त्यातली म्हातारी कुठली ते काही कळेना. त्यांनी पुन्हा बॉम्ब टाकले. मग पुन्हा. सातव्या खेपेला आपला सैनिक नेऊन त्यांनी त्या दारातच उभा केला. गाव त्याला ढकलत निघून गेलं.

"पळते ना आता?" मुलीनं पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

"पळते," मास्तर म्हणाले, आणि न दिसलेल्या म्हातारीपुढे त्यांनी 'ठीक' असं लिहिलं.