सुट्टीपुरता जीव

तोफकाकू रागावली की आधी पदर खोचायची, मग चष्मा काढून वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवायची आणि मगच तोंड उघडायची. चष्मा कशाला काढायचा? तर "समोरच्याचं तोंड नीट दिसलं की दया येते मेली," असं तिचं म्हणणं. रत्नागिरीजवळच्या पावस गावात, आमच्या शेजारच्या घरात ती एकटी राहायची. तिचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल. वाडीला ती तोफ, आणि तोंडावर काकू. तोफ बारा महिने तापलेली असायची, पण खरी डागली जायची ती जूनच्या तोंडावर, मुंबईकर परत निघताना.

मुंबईकर मे महिन्यात गावी येतात, पोरं हट्ट करतात, आणि रत्नागिरीच्या बाजारातून ससा येतो, पिंजऱ्यातले पक्षी येतात, रंगात बुडवून काढलेली कोंबडीची पिल्लं येतात. सुट्टी संपली की आंब्याच्या पेट्या गाडीत चढतात आणि जनावर मागे राहतं. मग ते हातात धरून कोणीतरी काकूच्या अंगणात उभा राहतो. "काकू, तुम्हाला नाहीतरी आवड आहे."

"आवड? मला आवड आहे तुझ्या कानाखाली वाजवायची. ती पुरवू काय?"

एवढं म्हणून ती जनावर मात्र ठेवून घ्यायची. आणि ठेवून घेतलेल्या प्रत्येक जनावराला, ते टाकून जाणाऱ्याचं नाव द्यायची. ससा सुनील, बदक मोहन, बोका डॉक्टर. गणपतीत हीच माणसं गावी यायची तेव्हा कुंपणापलीकडून आवाज चालू: "सुनील, किती हागतोस रे शिंच्या! मोहन, चिखलात लोळून वर तोंड करून बघतोस?" ऐन आरतीत माणसं टाळ्या विसरायची. मी या प्रयोगाला दरवर्षी पहिल्या रांगेत हजर असे.

गेल्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ डोंबिवलीहून आला. गाडीतून उतरून त्यानं पिशवी खांद्यावर घेतली, तोच पलीकडून गर्जना झाली, "मिलिंद! उतर त्या खाटेवरून, निर्लज्जा! खायला सगळ्यात पुढे, आणि अक्कल काडीची नाही!"

माझ्या भावाचं नाव मिलिंद. तो दचकून थांबला. मी पडवीच्या खांबाला मिठी मारून हसत होतो. खाटेवरून एक धिप्पाड पांढरा कोंबडा उतरला.

मिलिंदची मुलगी चिऊ, पहिलीत जाणारी, कुंपणाशी गेली. "हा कोणाचा?"

"तुझाच गो. आदल्या वर्षी गुलाबी होता."

चिऊनं वळून बापाकडे पाहिलं. "बाबा, तू म्हणालास तो त्याच्या आईकडे गेला."

मिलिंद काहीतरी पुटपुटला. काकूनं चष्मा काढला. पुढचं मी लिहीत नाही. छापणाऱ्याची पंचाईत होईल. शेवटचं वाक्य तेवढं सांगतो: "टाकलास तो टाकलास, वर पोरीला फसवलंस!"

आता शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण चिऊ रडायला लागली आणि आमच्या बंधुराजांनी तिला समजावलं, "आपण उद्या बाजारातून ससा आणू." अहो, त्याच अंगणात उभं राहून!

मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण काकूनं चिऊला सशाच्या खुराड्याशी नेलं आणि विचारलं, "तुला ससा कशाला हवाय?"

"कुशीत घ्यायला."

"घे बघू."

चिऊनं उचलला. सुनीलनं पाय झाडले, तिच्या हातावर ओरखडा काढला, फ्रॉक भिजवला आणि उडी टाकली. चिऊ म्हणाली, "घाबरला तो."

"घाबरणारच. अनोळखी माणसानं तुझा गालगुच्चा घेतला तर आवडतो तुला?" मग मिलिंदकडे वळून तिनं सुरू केलं. घरात दिवसभर कोण असतं? कोणी नाही. तुम्ही गावी आलात की त्याला कोण बघणार? ठाऊक नाही. हागणं-मुतणं कोण काढणार? "बाई येते," मिलिंद म्हणाला.

"मग बाईला दे ससा!"

शेवटी तिनं चिऊला विहिरीजवळच्या पाण्याच्या दगडी डोणीकडे नेलं. डास होऊ नयेत म्हणून तिच्यात गप्पी मासे सोडलेले होते. "यांतले चार-पाच तुझे. पण सुट्टीभर यांना रोज सकाळी तू खायला घालायचंस. आधी हे, मग तुझी आंबोळी. जमलं तर मुंबईस न्यायचे."

"मासे?" मिलिंद हिरमुसून म्हणाला. "यांना धड हातही लावता येत नाही."

"म्हणूनच देत्ये."

चिऊला ते पटलं होतं असं नाही. पण ती रोज जायची. चिमटीत किती घ्यायचं ते काकूनं दाखवलं होतं, तेवढंच घालायची आणि डोणीच्या काठावर हनुवटी टेकून बघत बसायची. कोणता मासा आधी येतो, कोणता मागे राहतो हे ती मला जेवताना सांगू लागली. एका सकाळी तिला उठायला उशीर झाला, तर मिलिंद हळूच जाऊन खायला घालून आला. बिचाऱ्याला वाटलं, आपण बाप म्हणून काहीतरी चांगलं केलं. काकूनं ते मागच्या दारातून पाहिलं. त्या दिवशीचा आवाज म्हणे खाडीपर्यंत गेला. "चोरा! पोरीचं काम चोरतोस? विसरली असती तर विसरली असती. तिला कळलं असतं ना, विसरल्यावर कोण उपाशी राहतं ते!"

निघताना माशांची बरणी चिऊच्या मांडीवर होती. काकू गाडीसमोर आडवी उभी. "नळाचं पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं, मगच यांना घालायचं. एकदम सगळं बदललंस तर मी डोंबिवलीस येईन, सांगून ठेवत्ये." निरोपाचा शब्द म्हणून एवढंच.

पावसाळ्यात एक मासा मेला. मिलिंदनं मला फोन केला. चिऊ शाळेतून यायच्या आत तसाच दुसरा आणून टाकतो, तिला कशाला कळायला हवं? काकू माझ्याच पडवीत बसली होती. तिनं फोन हिसकावून घेतला आणि चिऊ येईपर्यंत मिलिंदला फोन ठेवू दिला नाही. चिऊ आल्यावर म्हणाली, "मासा मेला गो तुझा. खाणं किती घालत होतीस? ... एवढं? जास्त झालं ते. आज बाकीच्यांना उपाशी ठेव." पलीकडे हुंदके ऐकू येत होते. काकूनं एकदाही "रडू नको" म्हटलं नाही. रडणं संपेपर्यंत फोन कानाला धरून बसून राहिली.

माघात काकू गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी सगळं आटोपून आल्यावर मी मिलिंदला कळवलं. तो हळहळला, आणि मग आवाज खाली करून म्हणाला, "दादा, चिऊला एवढ्यात नको सांगूस. उद्या गॅदरिंग आहे तिचं. विचारलंच तर सांगू, काकूआजी परगावी गेलीय."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! जन्मभर मी लोकांच्या रागाची गंमत बघितली, स्वतः कधी रागावलो नव्हतो. "दे तिला फोन! आत्ताच्या आत्ता दे!" पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढून उभी राहिली. मिलिंदनं मुकाट्यानं फोन दिला.

मी सांगितलं. काकू गेली, मेली, आता नाही.

पलीकडून चिऊचा नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "काका, तिच्याकडच्या सगळ्यांना आज खायला कोणी घातलं?"

मी बॅटरी शोधली आणि काकूच्या अंगणात गेलो.