पिमेंटोचं लाकूड

शनिवारी दुपारी मिस आयोनीने तीन कोंबड्या लिंबाच्या पाण्यातून बाहेर काढल्या, फळीवर पालथ्या घातल्या आणि पाठीचा कणा कापून एकेक उघडून सपाट केली. मग खुर्ची ओढून ती उखळासमोर बसली. पूर्वी ती हे काम उभ्याने करायची. आता दहा-बारा घाव झाले की मुसळ तसंच धरून थांबायची, आणि आपण कशासाठी थांबलो हे आपल्यालाच ठाऊक नसल्यासारखी समोर बघत राहायची. उखळात पिमेंटोचे दाणे होते, मिऱ्यापेक्षा जरा मोठे. त्यांच्यावर पातीचा कांदा, थाइमच्या काड्या, आलं, जायफळ, मीठ आणि सहा स्कॉच बॉनेट मिरच्या. मिरच्या तिने मोजून टाकल्या. पूर्वी ती मोजत नसे.

"मिक्सर पाठवला होता ना मी," पायरीवर बसलेला तिचा मुलगा म्हणाला.

"आहे की. टेबलावरचं कापड उडू नये म्हणून ठेवलाय."

मुलाचं नाव रॅन्सफर्ड. एकोणीस वर्षं तो समुद्रापलीकडे हार्टफर्डला बस चालवतो. या खेपेला येताना त्याने पुढच्या गुरुवारची दोन तिकिटं आणली होती, एक स्वतःचं आणि एक आईचं. तिकडे तिच्यासाठी खोली तयार होती. इथलं घर बंद करून किल्ली माझ्याकडे ठेवायची, असं ठरलं होतं. ठरवलं त्याने होतं. मी गल्लीपलीकडे समोरच राहतो.

त्याला बोलावून घेणारा मीच. फेब्रुवारीत एका सकाळी तिच्या स्वयंपाकघरातून गॅसचा वास थेट गल्लीपर्यंत आला. मी धावत गेलो, तर ती शेगडीपासून चार हातांवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. "काय रे, कुत्रं लागलंय का मागे?" तिने विचारलं. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. ती बघत राहिली, मग म्हणाली, "विसरले वाटतं." त्याच्या आधी एकदा तिचा भात पार कोळसा होईपर्यंत जळला होता. एकदा उतरलेले मासे शिजवून ती चर्चच्या जेवणाला घेऊन आली होती. दोन्ही वेळा ती हेच म्हणाली होती. माणूस स्वतःच सांगतो आहे म्हटल्यावर मी ते खरं मानलं, आणि रॅन्सफर्डला फोन करून सांगितलं की तुझ्या आईचं डोकं आता साथ देत नाही.

पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगून टाकलं होतं, "रविवारी कोंबड्यांचं जर्क करते. सगळं मी एकटी करीन, तू नुसता बस आणि बघ. एक जरी गोष्ट विसरले तर गुरुवारी गपचूप विमानात बसते."

"आणि नाही विसरलीस तर?"

"तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी मरेपर्यंत."

"मेल्यावर काढून काय उपयोग?"

"तेच म्हणतेय मी."

तो हसला, पण कबूल झाला. बस चालवणारा माणूस वेळेचा आणि शब्दाचा पक्का असतो. तिला ते माहीत होतं, म्हणूनच तिने त्याला शब्दात अडकवलं.

जर्क, म्हणजे मसाला चोळलेलं मांस ओल्या लाकडाच्या धुरावर भाजणं, ही मुळात तिची विद्या नव्हे. आमच्या बेटावर, पोर्टलंडच्या डोंगरात, त्या आगीपाशी पुरुष उभे राहतात. बायका मसाला वाटतात, पाव कापतात आणि धूर अंगावर आला की पुरुषांना बोलतात. तिचा नवरा हेक्टर रस्त्याच्या कामावर होता. सणासुदीला तो घराशेजारी आग पेटवायचा आणि अर्धा डोंगर त्याच्या कुंपणाशी गोळा व्हायचा. ती तेव्हा पोर्ट अँटोनियोच्या एका हॉटेलात चादरींना इस्त्री करायला जायची. एकतीस वर्षं गेली. तिचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या झोपेच्या घड्या घालण्यात गेलं, आणि तिला स्वतःला झोप कधी पुरली नाही. हेक्टर गेला त्यानंतरच्या ईस्टरला लोक सवयीने आले आणि कुंपणाशी उभे राहिले. कुणी काही मागितलं नाही. परतही कुणी जाईना. शेवटी तिने हात पुसले आणि आगीवर घालायचा पत्रा भिंतीवरून खाली काढला. त्याला सोळा वर्षं झाली. तिला ते आवडायचं का, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही उभे होतो, एवढंच.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने टोपी खिळ्याला अडकवली, कपडे बदलले आणि कोयता घेतला. हिरवं लाकूड तोडायचं होतं. निखाऱ्यांवर पिमेंटोच्या ओल्या काठ्या आडव्या घालायच्या, काठ्यांवर कोंबडी, कोंबडीवर पिमेंटोची पानं आणि वर पत्रा. काठीच्या आतला रस आणि तेल धुरातून मांसात उतरतं. ते झालं नाही तर मसाला कितीही वाटा, ती नुसती भाजलेली कोंबडी.

"मी तोडून देतो," रॅन्सफर्ड म्हणाला.

"एकटी म्हटलंय ना? बस."

घराच्या बाजूच्या कुंपणाशी तिच्या सासूने दोन झाडं लावली होती, एक पिमेंटो आणि एक बे-रम. पिमेंटो हांडीसाठी. बे-रमचा पाला रममध्ये मुरवायचा आणि ताप आला, डोकं धरलं की अंगाला चोळायचा. दोन्ही झाडं चुलत भावांसारखी. तीच सालपटं सुटणारी फिकट साल, तीच जाड चकचकीत पानं. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात दोन्ही आडवी झाली. पडलेल्या पिमेंटोचं लाकूड भिजवून भिजवून तिने गेल्या ईस्टरपर्यंत पुरवलं. आता त्या जागी पुरुषभर उंचीच्या रोपट्यांचं रान माजलं होतं, मनगटाएवढ्या जाडीचं, दोन्ही जातींची सरमिसळ झालेलं. फळ कुणालाच नाही. अशा वेळी पान चुरगाळायचं आणि हुंगायचं. इथल्या लहान पोरालाही तेवढं कळतं.

मी माझ्या दारातून बघत होतो. तिने एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग दुसऱ्या रोपट्याचं पान घेतलं, तेही तसंच. मग मान वळवून पायरीवरच्या मुलाकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, दमली. चर्चचा चढ काही थोडा नाही. मग तिने दोन्ही पानं टाकली आणि मधल्या एका रोपट्यावर कोयता घातला.

आग तिने एका काडीत पेटवली. उभ्या चिरलेल्या पिंपात निखारे पसरले, काठ्या मांडल्या, कोंबड्या ठेवल्या, पानं घातली, पत्रा ओढला. उलट्या बादलीवर बसून ती अडीच तास आगीकडे बघत होती. वेळेवर उठत होती. निखारे सरकवत होती, कोंबड्या परतत होती, थाइमची जुडी पाण्यात बुडवून शिंपडत होती. काहीही विसरली नाही. रॅन्सफर्ड तिचं एकेक काम टिपत होता आणि हळूहळू त्याचे खांदे सैल पडत होते.

मी गल्ली ओलांडून आलो आणि धूर लागला, तेव्हाच मला कळलं होतं. नाकाला कळलं, पण मी तोंड उघडलं नाही. एकदा उघडलं होतं, त्याचं फळ समोर पायरीवर बसलं होतं. ओल्या लाकडाचा धूर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. रॅन्सफर्डनेही एकदा मान उचलून हवा हुंगली. मग त्यानेही स्वतःला काहीतरी सांगितलं असावं.

तेवढ्यात मास एगबर्ट आला; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही 'मास' म्हणतो, बाईला 'मिस'. ऐंशी वर्षांचा, हेक्टरचा दोस्त, दर वेळी स्वतःची ताटली घेऊन येणारा.

"मेली का रे म्हातारी?" त्याने फाटकातूनच विचारलं.

"तुला पोचवल्याशिवाय कशी मरीन?" ती बादलीवरून म्हणाली. "तुझा काटा चमचा कुठाय?"

"बोटं आणलीत."

तिने कोंबड्या ठोकळ्यावर घेऊन सुरीने धाडधाड तुकडे केले. आमचा जाड पाव होता, भाजलेला नीरफणस होता. प्रार्थना तिनेच म्हटली, आणि ती लवकर आटपली. मग आम्ही चौघांनी पहिला घास घेतला.

एगबर्टने चावायचं थांबवलं, तुकडा उलटसुलट करून बघितला.

"आयोनी," तो म्हणाला, "हे खायचं, की छातीला चोळून पांघरूण घेऊन निजायचं?"

ती चावतच होती. आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे तिने आळीपाळीने पाहिलं.

रॅन्सफर्डने हाड खाली ठेवलं. "आई, हे बे-रम आहे." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो आजाऱ्याशी बोलतात तसं बोलत होता. "कुठलं झाड कुठलं, हे विसरलीस तू. असू दे. गुरुवारी आपण—"

"विसरले नाही."

"आई—"

"डोकं जागेवर आहे माझं. नाक गेलंय." तिने घास गिळला, पाणी प्यायली. "मागच्याच्या मागच्या डिसेंबरात ताप आला होता ना, त्यात गेलं. मीठ कळतं, तिखट कळतं. बाकी सगळं लाकडाचा भुसा."

"मग गॅस?"

"सुटलाय हे मला कुठून कळणार?"

"आणि 'विसरले' म्हणालीस ते?"

"म्हातारी विसरली म्हटलं की लोक हसतात आणि घरी जातात. तिचं नाक गेलं म्हटलं, तर ईस्टरला कुंपणाशी कोण उभं राहील?"

"मी राहीन," एगबर्ट म्हणाला. "माझे दात गेले तरी येतोच ना मी?"

रॅन्सफर्ड उठला, कुंपणापाशी गेला आणि दोन डहाळ्या घेऊन आला. तिने दोन्हींची पानं चुरगाळली, नाकाशी धरली, खाली ठेवली आणि मान हलवली. चुरगाळलेल्या पानांचा वास मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येत होता.

तरी त्याचं समाधान होईना. "बाबा गेले तो वार कुठला?" त्याने विचारलं.

"मंगळवार. सकाळी पावणेसहा. मी तुला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस."

त्याने ताटली पुढे ओढली. मग त्याने एक तुकडा उचलला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. "मला गोवर आला होता तेव्हा तू हेच चोळायचीस," तो म्हणाला.

"गोवर नव्हता, कांजण्या. आणि चोळायची तुझी आजी. मी इस्त्रीला जात होते."

सोमवारी त्याने गॅसचा सिलिंडर उचलून माझ्या घरी आणून ठेवला आणि मागच्या पडवीत तिच्यासाठी कोळशाची शेगडी मांडली. मग हेक्टरचा एक जुना लाल शर्ट फाडून त्याच्या चिंध्या केल्या. आम्ही दोघे कुंपणाशी एकेक रोपटं हुंगत फिरलो. पिमेंटोची अकरा निघाली. त्या अकरांच्या खोडाला त्याने चिंध्या बांधल्या, प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघितली. ती पायरीवरून बघत होती. शर्ट फाडताना तिने अडवलं नाही.

गुरुवारी तो एकटाच गेला. तिचं तिकीट मिक्सरखाली ठेवून गेला. तारीख बदलून मिळते, एवढंच म्हणाला. शब्दाचा पक्का असल्यामुळे त्याला त्याहून जास्त म्हणता येत नव्हतं.

गाडी वळणाआड गेल्यावर मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. मागे शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं, निखारे धड लागत नव्हते.

"मिस आयोनी, तो फोन मी केला होता."

"माहितेय. नाक गेलंय, कान नाही गेले."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "पण जिंकलात ना तुम्ही."

"जिंकले बाबा." ती कुंपणाकडे बघत होती. वाऱ्यावर लाल चिंध्या हलत होत्या. "खोलीला मोठी खिडकी आहे म्हणाला. तिथून बस दिसतात. नुसतं बसायचं आणि बघायचं. स्वयंपाक सुनेने करायचा." जरा थांबून ती म्हणाली, "त्याने अजून एकदा, एकदाच, चल म्हटलं असतं..."

वरच्या अंगाने एगबर्ट उतरत येत होता. त्याच्या हातात ताटली नव्हती, पण तो कुंपणाशी येऊन सवयीने उभा राहिला.

"ईस्टरला किती आठवडे राहिले?" तिने मला विचारलं.

"पाच."

"पाच," ती म्हणाली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पण लगेच उठली नाही.