मंगळवारची ड्यूटी

१९९७ साली आमची पलटण पूंछ सेक्टरमध्ये होती. मी शिपाई वानखेडे, गाव देवळी. माझ्याच सेक्शनमधला शिपाई शकील शेख जवळच्याच सेलूचा. आम्ही दोघं वऱ्हाडीत बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटे, भांडण जुंपलं.

आता गावात शाळेतली पोरं विचारतात, धर्मामुळं माणसं जुळतात की लढतात? मला भाषण येत नाही. आमची ड्यूटी कशी होती तेवढं सांगतो.

शुक्रवारी शकील नमाजला खाली कंपनीत जाई, तेव्हा वरच्या चौकीवर त्याच्या जागी संतरी मी. मंगळवारी मी खाली मारोतीच्या आरतीला जाई, तेव्हा माझ्या जागी तो. अशी अदलाबदल गार्ड कमांडरच्या कानावर घालायची असते. आम्ही कधीच घातली नाही. घरच्या कामाला कोण परवानगी मागतं?

त्या मंगळवारी १७४० ला, म्हणजे संध्याकाळी पाच चाळीसला, तो वर आला.

"जाय ना बे. आरतीले उशीर काऊन करून राह्यला?"

"बूट तं बांधू दे."

१८१० ला सीमेपलीकडून फायर आला. खाली आरती अर्ध्यावर होती. कंपनी कमांडर साहेबांच्या रेडिओवर आमच्या हवालदारांचा आवाज आला.

"वन कॅज्युअल्टी. संतरी. शिपाई वानखेडे. ओव्हर."

त्यांनी चेहरा पाहिला नव्हता, नुसती ड्यूटी लिस्ट वाचली होती. पंडितजींचा हात थांबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

साहेबांनी विचारलं, "ऊपर कौन है?"

"शकील, साहब."

आम्ही १८३५ ला वर पोचलो. तो गेला होता.

पार्थिव घेऊन सेलूला मलाच पाठवलं. सलामीच्या फैरी झाल्या, दफन झालं. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. गर्दीत देवळीचे एक काका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "देव तारी त्याले कोन मारी." मला त्यांचा राग आला, पण तोही टिकला नाही.

शकीलच्या वडिलांना खरं सांगायचं, हे मी वाटेतच ठरवलं होतं. ते तोंडावर थुंकले असते तरी चाललं असतं.

"चाचा, ते ड्यूटी माही होती."

"तू कुठं होता?"

"आरतीले गेलतो."

"पुरी झाली?"

"नाई."



"मंग घरी जाऊन पुरी करजो. त्यानं आरतीसाठीच तर धाडलं होतं तुले."

संध्याकाळी देवळीच्या मारोतीपुढं उभा राहिलो. आरती सुरू केली, पण अर्ध्यापुढचे शब्द आठवेनात. शिपाई शकील शेख, सेलू, वय चोवीस. एवढंच म्हटलं आणि घरी आलो.