मोडीत निघालेलं नाव

मी जुन्या वस्तूंचं दुकान काढतेय म्हटल्यावर सासरी पहिला प्रश्न आला, पाटीवर आपलं आडनाव लागणार नाही ना? म्हणजे बघा! सुनेनं केक विकले असते तर आडनाव चाललं असतं. पितळी डबे, पत्र्याच्या जाहिराती आणि गोटीसोड्याच्या बाटल्या विकल्या की ती भंगारवाली. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायच्या, आमची सून मोड विकते. वितळवायला देतात त्या जुन्या भांड्यांना मोड म्हणतात. मी तीच भांडी वितळण्यापासून वाचवत होते, आणि तोच शब्द माझ्या माथी मारला होता.

दुकान काढलंच. नाशिक रोडला आमच्या सोसायटीखालचा गाळा घेतला, पाटीवर नुसतं ‘जुन्या वस्तू’ लिहिलं. पिंपळगाव, सटाणा, मालेगाव, जिथे मोडवाला भेटेल तिथे जायचं, पोती उपसायची आणि भट्टीत जायच्या आत चांगलं भांडं उचलायचं. हात काळे व्हायचे, कंबर धरायची, पण एखादी घडणीची कळशी हाती लागली की दिवसभराचा शीण जायचा.

आणि त्या भांड्यांवरची नावं! छिन्नीनं एकेक टिंब ठोकून काढलेली. अमकीला मामाकडून, तमकीला आत्याकडून सप्रेम भेट. मला वाटायचं, लोक ह्या नावांसाठीच भांडी घेतील. कसचं काय. गिऱ्हाइकाला भांडं शंभर नंबरी जुनं हवं आणि त्यावरचं नाव मात्र नको. दुसऱ्याचं नाव आपल्या घरात कशाला, म्हणे. एका बाईंना कळशीत मनी प्लांट लावायचा होता, तर म्हणाल्या, हे तेवढं घासून द्या ना, खराब दिसतं. खराब? मी म्हटलं, मग बाजारातून नवीच घ्या की. नाक मुरडून गेल्या.

मग हायवेवर गावरान थाटाचं हॉटेल काढणारा एक गृहस्थ आला. दुकानातलं सगळं पितळ घेतो म्हणाला, भिंतीवर मांडायला. अट एकच, नावं मशीनवर घासून हवीत. मी तोंडावर नाही म्हटलं. तो हसला, विचार करा म्हणाला, परवा टेम्पो पाठवतो. घरी दोन दिवस तोच विषय. नावं घासली तर तुझं काय जातंय, हे नवऱ्याचं. कोण कुठल्या बायका, तुला ओळखतात का, हे सासूबाईंचं. मला काही केल्या पटेना, आणि का पटेना ते नीट सांगताही येईना. त्याचाच जास्त संताप येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पन्नाशीचा माणूस आपल्या आईला घेऊन दुकानात आला. मी मोबाइलवर टाकलेले फोटो नातीनं दाखवले, त्यांत आजींनी आपली कळशी ओळखली होती आणि सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. तो आधीच ओशाळलेला.

“ताई, आईचा काहीतरी गोंधळ होतोय,” तो म्हणाला. “फ्लॅट बदलताना ही कळशी मीच मोडीत दिली, पण ती आमची नव्हेच, कुणाची तरी आमच्याकडे राहिली असेल. तिच्यावर भलत्याच कुणाचं नाव आहे. आईचं नाव वेगळं आहे.”

आजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कळशी काढून दिली, ती त्यांनी मांडीवर घेतली आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग माहेरच्या अहिराणीत म्हणाल्या, “हाई नाव मन्हं शे.”

लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून जुन्या नावानं त्यांना सासरी कुणी बोलावलं नव्हतं. कळशी मामानं आधीच करून ठेवलेली, म्हणून तेवढ्या एका जागी ते नाव राहिलं होतं. पोरगा त्याच कळशीचं पाणी पिऊन वाढला आणि आईचं नाव परकं म्हणून मोडवाल्याच्या पोत्यात टाकून मोकळा झाला. त्याच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण पन्नास वर्षांत एकदाही विचारावंसं वाटू नये? माझं डोकं फिरलं होतं ते ह्याच गोष्टीनं.

टेम्पो त्याच संध्याकाळी आला आणि रिकामा परत गेला, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मी कुणाचंच ऐकलं नसतं.

आजींचा मुलगा घाईघाईनं खिशात हात घालून म्हणाला, “बरं, मोडीच्या भावानं काय होतात ते सांगा, घेऊन जातो.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कळशी त्याच्यापुढे फिरवली.

“वाच,” त्या म्हणाल्या.

तो वाकून मनातल्या मनात वाचायला लागला. त्यांनी मान हलवली. मोठ्यानं वाच म्हणाल्या.

त्यानं घसा साफ केला. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी एवढं भरभर म्हटलं आणि अडला. मग कुणा अनोळखी मुलीला हाक मारावी तसं, दबकत, ते नाव घेतलं.

आजी कळशीवरचा हात न काढता म्हणाल्या, “ओ.”