खळ कच्ची उतरवली

सखाराममामा गेल्याचं मला केतकीच्या मेसेजवरून कळलं. चाकणला कंपनीच्या गेटवर मी युनियनची पत्रकं वाटत होते. दुःखाच्या आधी राग आला, लपवत नाही. सख्ख्या भाचीच्या आधी या डिझायनर बाईला कसं कळलं? ती तिथं काय करत होती?

मामा माणदेशातले, पिढीजात घोंगडी विणणारे. तिकडं पोट भरेना म्हणून चाकणला पॅकिंग खात्यात लागले. पण पुनावळ्यात पत्र्याची खोली घेतल्या घेतल्या पहिलं काम काय केलं, तर फरशी उखडून खड्डा खणला. घरमालक ओरडत आला. "माग म्हंजी खड्डा लागतोच की राव, पाय काय डोक्यावर घिऊ?" शिफ्ट सुटली की त्या खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसायचे. समोर टॉवर उठत गेले, मामांचं खाली बघणं काही सुटलं नाही...

मग केतकी आली. लोप पावणारी कला, कारागिरांसोबत सहनिर्मिती, असले शब्द. हातात कॅमेरा. "काका, पुन्हा एकदा करून दाखवता?" अशी गोड माणसं मी पाहिली आहेत. आधी काका म्हणतात, मग शिकून घेतात, मग काकांची गरज संपते. मी तेव्हाच पत्रक काढलं, 'हातातली विद्या फुकट देऊ नका!', आणि मामांना खडसावून वाचून दाखवलं.

घोंगडीच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, नाहीतर लोकर विणताना तुटते. ती शिजवताना मामा थेंबभर चिमटीत घ्यायचे, बोटं उघडमीट करायचे, आणि एका क्षणी भांडं उतरवायचे. तो क्षण म्हणजेच सगळी विद्या. केतकीनं त्याचंही चित्रण केलं. ती गेल्यावर मामा खुदकन हसले.

"आगं, तुझ्या कागदाचं ऐकलं बग. कच्चीच उतरवली!"

"आणि ती काय म्हणाली?"

"काय म्हनती? वा काका!"

मी टाळी दिली. किती हसलो आम्ही...

मामा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांची खोली आवरत होते तर केतकी दारात. हातात तुटक्या धाग्यांचा गुंता. तिनं स्वतःचा माग लावला होता, दर वेळी धागे तुटत होते. तेच विचारायला ती मामा गेले त्या दिवशी आली होती. मामा मागावरच कलंडलेले दिसले, आणि तिनंच त्यांना दवाखान्यात नेलं. "काकांचं कुठे चुकत नव्हतं," ती म्हणाली, "माझंच काहीतरी राहतंय."

मी म्हणाले, "तुझं काही राहत नाहीये. त्यांनी तुला चुकीचं दाखवलं. मीच सांगितलं होतं."

तिनं तो गुंता मागाच्या खड्ड्याच्या काठावर ठेवला. मग म्हणाली, "बरं. मग बरोबर कसं, ते तुम्ही दाखवा."

मला येत नव्हतं. विद्या राखायला निघालेली मी, पण मामांना एकदाही म्हटलं नव्हतं की मला शिकवा.

केतकीवर माझा आजही पूर्ण विश्वास नाही. ती दर रविवारी येते, आम्ही चिंचोके भाजतो, सोलतो, वाटतो, शिजवतो. मी चिमटीत घेऊन बोटं उघडमीट करते. "झाली?" ती विचारते. मी उगाच 'हो' म्हणून मान हलवते. धागे तुटतात.

खळ लावायचा मामांचा कुंचा अजून खुंटीवर आहे. त्यांची शेवटची खळ त्यात वाळून दगड झालीय. ती स्वतःच्या मागासाठी केलेली, म्हणजे बरोबर शिजलेली आहे, एवढं नक्की. ओली होती तेव्हा मी तिला बोट लावलं नाही.